पाणी कुठवर आलंय?

पहाटे पावणेचारला मोबाइलचा गजर वाजायच्या आधीच चुलीपाशी भांडं वाजतं. आई उठलेली असते. मला भाडं असलं की तिला झोप लागत नाही. त्यात भाडं उजनी धरणाकडचं असलं की विचारायलाच नको. चहाचा कप हातात देताना तिचा ठरलेला प्रश्न येतो, "पाणी कुठवर आलंय रं?"

मी सांगतो, "पळसनाथाच्या मंडपाच्या खांबाला गुडघाभर."

तिला तेवढं पुरतं. पळसदेव तिचं माहेर. लग्न होऊन ती कन्हेरीला आली आणि दोन-तीन वर्षांत तिचं माहेर धरणात गेलं. आमच्याकडे गाव बुडालं असं कुणी म्हणत नाही, धरणात गेलं असं म्हणतात.

सव्वाचारला गाडी काढतो. सातजणांची आहे, जुनी आहे, पण एसी चालतो. काच पुसायची, पाण्याचा जार मागं ठेवायचा, चार टोप्या आणि एक जुनी चादर टाकायची. टोप्या विसरणारी माणसं दर फेरीला निघतात. वेशीतून बाहेर पडण्याआधी मारुतीला हात जोडायचा. निवडणूक आली की पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ याच मारुतीपुढं फुटतो. त्या दिवशी टीव्हीवाल्यांच्या गाड्यांनी गाव भरून जातं. एरवी पहाटे देवळापुढं मी, माझी गाडी आणि पायरीवर झोपलेलं एक कुत्रं, एवढेच.

साडेचारला बारामतीच्या लॉजवरून गिऱ्हाइकं घेतली. पुण्याची मंडळी: निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई, त्यांचा मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. मुलगा-सून मागच्या वर्षी ग्रीसला सँटोरिनी बेटावर जाऊन आलेले. साहेब गाडीत बसताबसताच म्हणाले, "तिकडं सगळं आखलेलं असतं. सकाळी काय, संध्याकाळी सूर्यास्त कुठून. तुमच्याकडे काय काय आहे ते एकदा सांगून टाका, दादा."

म्हटलं, आमच्याकडे काय आहे ते पाण्यावर असतं.

त्यांना ते तेव्हा कळलं नाही. मोरगावचा गणपती, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि तिथली चिंकारा हरणं कधीही बघता येतात. पण ती पश्चिमेची वाट, वेगळ्या दिवसाची. एकाच दिवसात दोन्हीकडे पळवणारे गाडीवाले आहेत. त्यांची गिऱ्हाइकं गाडीत झोपूनच जिल्हा बघतात.

साडेपाचला कुंभारगावच्या काठावर पोचलो. नावाड्याला आदल्या रात्रीच फोन केलेला असतो. त्याचे वडील फक्त मासे धरायचे. हा मासे धरतो आणि पक्षीही दाखवतो. पहिलं काम लाइफ जॅकेट. साहेब म्हणाले, "पाणी तर उथळ दिसतंय." नावाडी काही बोलला नाही, जॅकेट पुढं धरून उभा राहिला. 2024 च्या मे महिन्यात याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. ते मी सांगितलं. साहेबांनी पट्टा घट्ट केला.

उजाडायच्या आत निघायचं. ऊन चढलं की पाण्यावरून वाफ उठते आणि लांबचं सगळं थरथरायला लागतं. नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि काठीनं होडी रेटायला लागला. काठी निम्मीसुद्धा आत जात नव्हती. पुढं राखाडी-पांढरी एक लांब रेघ दिसत होती. नातवाला तो बांध वाटला. मग रेघेतून एक मान वर आली, मग दहा, मग सगळी रेघच चालायला लागली.

फ्लेमिंगोला पुस्तकात रोहित म्हणतात, पेपरवाले अग्निपंख म्हणतात. चरताना तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. पायानं चिखल तुडवतो, ढवळलेलं पाणी चोचीत घेतो आणि शेवाळ, बारीक किडे गाळून ठेवतो. पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातून येतो. म्हणून त्याला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. धरण भरलेलं असलं की त्याचा पाय टेकत नाही, आणि तो येत नाही. आला तरी काठाकाठानं कुठंतरी असतो. नावाड्यानं होडी लांबच थांबवली. साहेबांना फोटोसाठी आणखी जवळ जायचं होतं. नावाडी म्हणाला, "उडवले की आज परत बसत नाहीत. मागून अजून दोन होड्या यायच्यात." तरी थवा आपणहून उठला. बसलेला पांढरा दिसतो, उठला की पंखाखालचा लाल आणि काळा उघडतो. बाईंनी फोन काढलाच नाही. सून मात्र बराच वेळ काढत होती.

पट्टकादंब बघायचे राहिले. हे बदकासारखे हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून येतात. मार्चमध्येच ते परत गेले. त्यांच्यासाठी जानेवारीत या, मी नेतो.

साडेसातला भिगवण. चहा, पोहे आणि मासळी बाजार. आडतीसमोर क्रेट ओतले जात होते. मरळ, कटला, रोहू, वाम, आणि सगळ्यांत जास्त चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेची, आता उजनीत तिचंच राज्य. सूनबाई नाकाला पदर लावून बाहेर थांबल्या. नातू आत घुसला आणि वाम हातात धरून आला. पुढं भादलवाडीच्या तळ्याकडे वीस मिनिटं थांबलो. चित्रबलाकांनी झाडांवर घरटी मांडलेली. पिल्लांचा कलकलाट आणि खाली विष्ठेचा वास. इथं कुणी फार वेळ रमत नाही, पण दुर्बीण असेल तर रमावं.

गाडीत नातू पेपर वाचत होता. "दादा, उजनी मायनस तीस टक्के म्हणजे? पाणी मायनस कसं असेल?"

हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारतात. धरण एकूण 117 टीएमसीचं. त्यातलं तळाचं 63 टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठा. तिथपर्यंत पाणी उतरलं की सरकारी हिशोबात शून्य. त्याखाली गेलं की वजा. म्हणजे वजा लिहिलं तरी खाली पाणी भरपूर असतं, नुसतं ते नेहमीच्या वापराच्या हिशोबात धरत नाहीत. शेतकरी मोटारी लावून उचलतो ते वेगळं. पोरगा म्हणाला, "म्हणजे मायनसमध्ये फ्लेमिंगो येतात." बरोबर होतं त्याचं. आणि फ्लेमिंगोच नाही.

सव्वानऊला पळसदेव. नवं गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत बसलंय. जुनं भीमेच्या काठी होतं. 1980 मध्ये धरण पुरं झालं आणि पळसनाथाचं मंदिर पाण्यात राहिलं. दगडी मंदिर, वर विटांचं शिखर. धरण भरलेलं असताना शिखराचा शेंडा तेवढा दिसतो, कधी तोही नाही. 2024 सारखा उन्हाळा आला की अख्खं मंदिर उघडं पडतं. वीरगळ, सतीशिळा गाळातून वर येतात आणि लोक जत्रेसारखे येतात. आज होडीतून मंडपापर्यंत गेलो. खांबावर पाण्याच्या पातळीच्या रेघा आहेत, एकावर एक, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारख्या. शिंपले चिकटलेले. एका कोनाड्यात कुणीतरी ताजं फूल ठेवलं होतं. भिंतीचे दगड हाताला लागतील एवढे जवळ होते. मी नातवाला हात लावू दिला नाही. चाळीसेक वर्षं पाणी खाऊन ते उभे आहेत, आपण ओरबाडायला नको.

साहेब म्हणाले, सँटोरिनीवर अक्रोतिरी म्हणून गाव आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली साडेतीन हजार वर्षं दबलेलं. आता खणून काढलंय, वर छप्पर घातलंय, तिकीट आहे.

बाई म्हणाल्या, "तिथली माणसं कुठं गेली?"

"ती आधीच पळाली असावीत. सांगाडे सापडले नाहीत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की इथली माणसं इथंच आहेत, रस्त्याच्या कडेला. त्यातला एक माझा मामा. परत काठावर आलो तर तो भेटलाच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर प्लास्टिकचा पाइप. पाणी मागं सरलं की मोटारही मागं न्यावी लागते, गाळातून चारी खोदावी लागते, पाइप जोडत जावं लागतं. त्याचा ऊस वरच्या रानात आहे. त्यानं मंडळींना रामराम केला. मला म्हणाला, "तुझं सीझन जोरात दिसतंय."

त्यात टोमणा होता, आणि खरंही होतं. पाइप जेवढा लांबतो तेवढं माझं भाडं वाढतं. चांगला पाऊस पडून जूनमध्येच धरण सावरलं की मंदिर गेलं, पक्षी गेले, माझा फोन वाजायचा थांबतो. तरीपण पाऊस पडू नये असं मी कधी म्हटलेलं नाही. म्हणायचं धाडस होणार नाही, घरात आई आहे.

अकराला इंदापूर. मालोजीराजांची गढी. शिवरायांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, नगरच्या शाहशरीफ पीरावरून ठेवलेली. हे सांगितलं की गाडीतली माणसं दरवेळी एकमेकांकडे बघतात. गढीवर ऊन फार होतं, दहा मिनिटांत खाली आलो. साडेबाराला जेवण. चिलापी फ्राय, बाजरीची भाकरी, आणि बाईंना पिठलं. अडीचपर्यंत सगळे खाणावळीच्या पंख्याखाली. मी गाडीत सीट मागं टाकून पाऊण तास झोपलो. दिवसातला माझा एवढाच पगारी आराम.

तीनला बावड्याकडून निघून चारला नीरा नरसिंहपूर. इथं पुणे जिल्हा संपतो. भीमा भीमाशंकरला उगवते, नीरा भोरच्या डोंगरात. दोघी जिल्ह्याच्या पश्चिम कडेला जन्मतात आणि पूर्वेच्या टोकाला भेटतात. मधली सगळी धरणं, कालवे, ऊस आणि आमचं कन्हेरी या दोघींच्या मधलं. लक्ष्मीनरसिंहाची मूर्ती वाळूची, ती प्रल्हादानं केली अशी श्रद्धा आहे. आजचं मंदिर पेशवाईतल्या विठ्ठल शिवदेव विंचुरकरांचं. बाहेरून किल्ल्यासारखं, तट आणि उंच घाट. बाई कठडा धरून पायऱ्या उतरल्या, एकेका पायरीवर थांबत. खाली संगमावर पाणी कमी होतं, नीरेच्या बाजूला वाळू उघडी. समोर सोलापूर जिल्ह्यातलं संगम गाव. सूर्य मागून, देवळाच्या बाजूनं उतरत होता आणि पाण्यात घाटाची सावली लांबत चालली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं नाही. मीच म्हटलं, अजून अर्धा तास थांबा. सहाला निघालो.

वालचंदनगर सातला, गाडीतूनच. वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना, नंतरचे अवजड यंत्रांचे कारखाने. अवकाशात जाणाऱ्या रॉकेटचे भाग इथं बनतात हे ऐकून नातू जागा झाला आणि परत झोपला.

आठला बारामती. बाईंनी पैसे देताना विचारलं, "पावसाळ्यात आलो तर काय बघायला मिळेल?" मी म्हटलं, भरलेलं धरण, हिरवं रान, आणि काटेवाडीला तुकोबांच्या पालखीपुढं मेंढ्यांचं रिंगण. मंदिर नाही. त्या म्हणाल्या, मंदिर नसलं तर बरंच.

पावणेनऊला कन्हेरी. आईनं ताट वाढलं होतं. मामाचा फोन आला. मोटार अजून खाली न्यायची आहे, माणूस मिळेना. परवाचं मोरगावचं भाडं मी दुसऱ्या गाडीवाल्याला दिलं. परवा पाइप वाहायला पळसदेवला.