रेकॉर्डचा गोडवा येतो कुठून?



आपल्यापैकी पुष्कळांनी भारतातून येताना सामानात रेकॉर्डी आणल्या. पुढे पताफोन बिघडला, मुलांनी डिजिटल प्लेअर आणून दिला आणि घरोघरी एकच तक्रार सुरू झाली : गाणे तेच, पण तो गोडवा नाही. काही महागडे प्लेअर मात्र ‘अगदी रेकॉर्डसारखा आवाज’ म्हणून विकले जातात. त्यात तथ्य किती, ते पाहू या.

आधी एक गैरसमज दूर करू. डिजिटलमध्ये गाण्याचे तुकडे होतात आणि मधला भाग गळतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सीडीवर आवाजाची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, आणि तेवढा आवाज या नोंदींतून पुरता परत मिळतो.

मग गोडवा कसला? तो रेकॉर्डने स्वतः घातलेल्या भरीचा. सुईला अतिबारीक खाचा नीट वाचता येत नाहीत, विशेषतः तबकडीच्या मध्याजवळ. त्यामुळे तीक्ष्ण आवाज मऊ होतात. शिवाय मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला तोच सूरही हलकेच मिसळतो. ही भेसळच, पण कानाला गोड लागते.

‘रेकॉर्डसारखे’ प्लेअर हेच मुद्दाम करतात. काहींत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह असतात. ते तसाच वरचा सूर मिसळतात. काही प्लेअर आकड्यांचा आवाज करताना तीक्ष्ण भाग थोडा उतरवतात. पण वयानुसार सर्वांत आधी तीक्ष्ण आवाजच ऐकू येईनासे होतात, म्हणून अगदी वरच्या टोकाचा हा फरक आपल्या कानांना क्वचितच कळेल.

याहून मोठे कारण प्लेअरमध्ये नसून नव्या प्रतीत असते. १९९० नंतर अनेक गाण्यांच्या नव्या प्रती जास्त मोठ्या आवाजात तयार केल्या गेल्या. त्यात हळू आणि मोठ्या आवाजातला चढउतार दाबला गेला, आणि असे गाणे ऐकून कान थकतात. यावर कोणत्याही प्लेअरचा इलाज चालत नाही.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी ट्रेबल जरा कमी करून पाहा. दोन प्लेअरची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. कानाचे यंत्र लावत असाल, तर ते बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. संगीतासाठी वेगळी जुळवणी होते का, ते तपासनिसाला विचारा.

आता महत्त्वाचे. गोडवा रेकॉर्डच्या आवाजातच असल्यामुळे रेकॉर्डची नीट डिजिटल नक्कल केली की तोही नकलेत उतरतो, आणि मग साध्या प्लेअरवरही ऐकू येतो. नक्कल करण्यापूर्वी तबकडी पुसून घ्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जाड टोकाची वेगळी सुई लागते, हे विसरू नका.

कीर्तनांच्या आणि लग्नातल्या गाण्यांच्या घरगुती टेपा तर सर्वांत आधी काढा. सिनेमाची गाणी बाजारात पुन्हा मिळतील. आपल्या आजीचा आवाज मिळणार नाही. घर आवरताना त्या कचऱ्यात जाण्याआधी नातवंडांना हे काम सांगू या.