जुना लॅपटॉप टीव्हीला जोडताना

नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एखादा जुना लॅपटॉप सापडला, तर त्यात नवल नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्ययावतीकरण थांबले आणि विंडोज ११ न चालणारी चांगली चालती यंत्रेही एका दिवसात ‘जुनी’ ठरली. अशा यंत्राला एचडीएमआय केबलने टीव्हीशी जोडले, की घरचे चित्रपट, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, फोटो सगळे मोठ्या पडद्यावर पाहता येते. मात्र त्याआधी पाहायची ती बॅटरी.

लॅपटॉप पालथा घालून सपाट टेबलावर ठेवावा. तळ फुगलेला, टचपॅड वर आलेला किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर लिथियम बॅटरीत वायू साठला आहे असे समजावे. वर्षानुवर्षांच्या वापराने, उष्णतेने आणि सतत चार्जरवर राहिल्याने आतील इलेक्ट्रोलाइटचे विघटन होते, त्याचाच हा वायू. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज तर मुळीच करू नये. तिने पेट घेतला, तर धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुफ्फुसांना घातक वायू असू शकतो. खटक्याची बॅटरी सहज निघते. आत बसवलेली मात्र जाणकाराकडूनच काढून घ्यावी. त्यानंतर बहुतेक लॅपटॉप नुसत्या अॅडॉप्टरवर चालतात. काही मॉडेल तेव्हा वेग कमी करतात, आणि वीज गेली की यंत्र तत्क्षणी बंद पडते, एवढेच.

पावसाळ्यात पनवेलची हवा खाडीमुळे आणखी दमट होते. पंख्यात साचलेली धूळ ओलावा धरून ठेवते आणि उष्णता अडवते. म्हणून यंत्र टीव्हीच्या बंद कप्प्यात कोंबण्यापेक्षा उघड्यावर ठेवलेले बरे.

चित्र अडखळेल का, हे यंत्राच्या वयापेक्षा त्यातल्या ग्राफिक्स चिपवर ठरते. एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ २०११ नंतरच्या बहुतेक इंटेल चिप सहज उलगडतात. २०१३ मध्ये आलेल्या एच.२६५ साठी मात्र साधारण २०१५ नंतरची चिप लागते. त्याआधीच्या यंत्रात हे काम मुख्य प्रोसेसरवर पडते, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र थांबत थांबत पुढे सरकते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर यंत्र चटकन सुरू होते. पण चिपची ही मर्यादा त्याने हटत नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. ‘कोडी’ हा मोफत प्रोग्राम मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी तयार झाला आणि २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळाले. ‘लिब्रेएलेक’ ही फक्त कोडी चालवणारी छोटी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरूनही सुरू होते. लिनक्सवर काही ओटीटी सेवा पूर्ण स्पष्टतेचे चित्र देत नाहीत, हे आधीच माहीत असावे.

विजेचे गणितही करून पाहावे. जुना डेस्कटॉप ८० वॉट घेत असेल आणि रोज चार तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे ११७ युनिट होतात. २० वॉटच्या लॅपटॉपला २९. टीव्हीला लावायची नवी स्टिक याहूनही कमी वीज खाते. तरीही लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो, हे त्या हिशेबात धरायला हवे.

जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर पुनर्प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा तारा जाळून, पट्ट्या आम्लात बुडवून धातू काढणाऱ्यांच्या हाती जातो. तिथल्या शिसे आणि विषारी धुराचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात मांडला आहे. लॅपटॉपमधून काढलेली बॅटरी म्हणूनच ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा भंगाराच्या गोणीत टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी.