कान कोठे बिघडला?

मागखात्यात वीस-वीस वर्षे काढलेल्या कामगारांचे नुकसानभरपाईचे अर्ज आम्ही चालविले, तेव्हा समोरून ठरलेला प्रश्न येई: कान गोंगाटानेच गेला कशावरून? मळ साचला असेल, लहानपणी कान फुटला असेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कानाच्या रचनेत आहे. म्हणून ती रचना आम्हांस शिकावी लागली.

बाहेर दिसतो तो कान कूर्चेचा. खाली लोंबते ती पाळी. तिच्यात कूर्चा नाही, म्हणूनच ती सहज टोचता येते. (आमच्या चळवळीत 'पाळी'चा अर्थ निराळा, तिच्याकडे पुढे येऊ.) तेथून आत सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकडी नळी जाते. तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात केस आणि मळ पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग हाडाचा. नळीची कातडी पडद्याकडून बाहेर सरकत वाढते आणि मळाला आपोआप बाहेर आणते. कानकोरणे घालून आपण तोच मळ आत ढकलतो. एका टोकाला बंद असलेली ही नळी सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांचा नाद विशेष मोठा करते, हे ध्यानात असू द्यावे.

नळीच्या तळाशी पडदा. रुंदी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर, जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली छोटी खोली, म्हणजे मध्यकर्ण. तीत तीन हाडे एकमेकांस जोडलेली: हातोडी, ऐरण आणि रिकीब. लोहाराची ऐरण जागची हलत नाही. ही मात्र हलते. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत लहान हाड.

एवढा खटाटोप कशासाठी? खऱ्या श्रवणाचे स्थान त्याही आत, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या शंखाकृती नळीत आहे. हवेतला आवाज द्रवावर आदळला तर बहुतेक सगळा परत फिरतो. म्हणून पडद्यावर पडलेला जोर रिकिबीच्या तळव्यावर एकवटला जातो. तो तळवा पडद्याहून सुमारे सतरापट लहान. त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते आणि दाब वीसपटीहून अधिक होतो. खिळ्याच्या डोक्यावरचा घाव टोकाशी एकवटतो, तसेच हे.

या खोलीतून घशाकडे एक नळी जाते. बोरघाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळताच सुटतात, ते ही नळी उघडून पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यामुळे.

निसर्गाने येथे एक पहारेकरीही ठेवला आहे. मोठा आवाज होताच रिकिबीला जोडलेला चिमुकला स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी ताठ होते. पण त्याचा उपयोग मुख्यतः खर्ज आवाजांपुरता; आखडायला त्याला क्षणभर लागतो आणि गोंगाट चालूच राहिला तर तो थकतो. धोट्याच्या मागांचा गोंगाट शंभर डेसिबलच्या आसपास असतो, आणि तोही आठ तासांची पाळीभर. तेथे या पहारेकऱ्याचे काय चालणार?

आता मूळ प्रश्न. मळ, फुटका पडदा, मध्यकर्णात साचलेले पाणी, घट्ट झालेली रिकीब, हे वाटेतले दोष. यांपैकी पुष्कळ बरे होतात. गोंगाट ही वाट शाबूत ठेवून पुढे जातो आणि शंखातील सूक्ष्म केसपेशी मारतो. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव बहुधा ४,००० कंपनांच्या आसपास बसतो. बाहेरच्या नळीने मोठा केलेला पट्टा त्याला लागूनच आहे. मग माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही; 'साठ'मधला 'स' गळून 'आठ' ऐकू येते. घरची माणसे म्हणतात, मुद्दाम दुर्लक्ष करतो.

दोष वाटेत की आत, हे ओळखण्याची सोपी चाचणी जर्मन वैद्य रिने यांनी १८५५ साली दाखविली. नादकाटा कानासमोर धरावा, मग कानामागच्या हाडावर टेकवावा. हाडावर अधिक ऐकू आला, तर अडचण वाटेत. समोरच अधिक, पण दोन्हीकडे क्षीण, तर दोष आत. यंत्रावर काढलेल्या आलेखात दोन्ही कानांना ४,००० जवळ सारखाच खळगा दिसला आणि पडदा धड असला, तर मळाची सबब टिकत नाही. गोंगाटाने येणारा श्रवणदोष नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यात धंद्याचा रोग म्हणून नोंदला गेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे.

कापसाच्या बोळ्यावर कोणी विसंबू नये. साधा कापूस आवाज फारसा अडवीत नाही. आणि कामाला लागतानाच कानाचा आलेख काढून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो. ही तपासणी पाळी सुटल्याबरोबर मात्र करू नये. गोंगाटातून आलेला कान काही तास तात्पुरता बधिर असतो. रात्रभर विसावा मिळाल्यावर, सकाळी कामावर जाण्यापूर्वी ती करावी.