कबरीच्या दगडावरच्या चार ओळी सांगतात घराण्याचा पत्ता. दफनभूमीतून पूर्वजांचा शोध कसा घ्यायचा?

पणजोबांचं नाव बहुतेक घरांत कुणीतरी सांगू शकतं. त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी अशा वेळी उपयोगी पडणारी एक जागा म्हणजे दफनभूमी. कबरीच्या दगडावर नाव, तारीख, वय आणि कधी कधी नोकरीही कोरलेली असते. गोंदियासारख्या रेल्वेच्या गावात तर तो दगड म्हणजे कुटुंब इथे आल्याचा पहिला पुरावाही असू शकतो. पण दगड झिजतो. तो वेळेत कसा वाचायचा आणि पुढचे कागद कुठे शोधायचे, हे समजून घेऊ.

गोंदियात ही कुटुंबं आली कशी?

१८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. नागपूर-राजनांदगाव ही मीटरगेज लाइन तिने ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि मार्ग पुढे बंगालपर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूर आणि नागभीडकडे जाणारी 'छोटी लाइन' सुरू झाली. जंक्शन म्हटलं की ड्रायव्हर, गार्ड, फिटर, स्टेशनमास्तर आले. रेल्वेच्या या नोकऱ्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने होती. विदर्भातल्या मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांभोवती मराठी ख्रिस्ती कुटुंबंही वाढली.

बदलीच्या नोकरीत जन्म एका गावी, लग्न दुसऱ्या आणि मृत्यू तिसऱ्या गावी, हे नेहमीचंच. कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे गोंदियावरून जाणाऱ्या याच मार्गावर, गाडीत भेटलेल्या एका प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये मुंबईत. मृत्यूही १९१९ मध्ये मुंबईतच. समाधी मात्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. त्यामुळे एकाच गावात शोधून थांबू नका.

दगड वाचायचा कसा?

- आधी चर्च किंवा दफनभूमीच्या समितीची परवानगी घ्या.
- सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि पुसट अक्षरंही उठून दिसतात. सावलीतल्या दगडावर मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा.
- साफसफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू नको. एकदा पापुद्रा निघाला की अक्षर कायमचं गेलं.
- एक फोटो पूर्ण दगडाचा, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या कबरींसह काढा. फोनचं लोकेशन सुरू ठेवा. एकाच कुटुंबाच्या कबरी पुष्कळदा शेजारी असतात.
- मजकूर जसा आहे तसाच उतरवा. स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी सुधारू नका. वाचता न आलेल्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह टाका.

आकडे दोनदा तपासा. इंग्रजीत १ आणि ७, ३ आणि ८ यांची गफलत होते. देवनागरीत १ आणि ९ यांची.

कोणत्या शब्दाचा काय अर्थ?

जुन्या इंग्रजी दगडांवर 'रेलिक्ट ऑफ' दिसलं, तर ती त्या व्यक्तीची विधवा. 'नी' या शब्दानंतर येतं ते माहेरचं आडनाव. इथून आईकडची बाजू उघडते. 'बी.एन.आर.' म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे. दगड सहकाऱ्यांनी बसवल्याचा उल्लेख असेल, तर तो नोकरीचाच धागा.

वय हा सर्वांत मोठा दुवा. समजा, मृत्यू १२ मार्च १९११ आणि वय ३४ वर्षे, ५ महिने, ७ दिवस असं लिहिलंय. वजाबाकी केली की जन्मतारीख येते ५ ऑक्टोबर १८७६. आता बाप्तिस्म्याची नोंद कोणत्या वर्षाच्या आसपास शोधायची, ते कळलं.

पुढचे कागद कुठे मिळतील?

पहिला थांबा चर्चचं रजिस्टर. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाहाच्या नोंदीची प्रत सरकारकडेही जाते.

ब्रिटिश काळात चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बंगाल, मद्रास, मुंबई अशा विभागांत लावलेल्या आहेत. गोंदियाचा भाग आधी बंगालच्या बाडांत पाहावा. कामठी छावणीत मात्र मद्रासची फौज असायची, म्हणून तिथल्या जुन्या नोंदी मद्रासच्या बाडांत सापडू शकतात. बऱ्याच नोंदींची सूची 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. 'फाइंडमायपास्ट'ला पैसे पडतात. १९३२ मध्ये ओ. एस. क्रॉफ्टन यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील कबरी आणि स्मारकांवरच्या लेखांची यादीही प्रसिद्ध केली होती.

जिल्हा कोणता टाकायचा?

इथेच अनेकांचा शोध अडतो. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीच्या कागदांवर 'जिल्हा भंडारा' असणार. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा भाग मध्य प्रदेशात होता आणि स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात. सर्च बॉक्समध्ये 'गोंदिया, महाराष्ट्र' टाकून काहीच आलं नाही, तर ही जुनी नावं टाकून पाहा.

मग घाई कशाची?

लंडनला गेलेल्या प्रती आणि क्रॉफ्टन यांच्यासारख्या याद्या प्रामुख्याने युरोपीय कुटुंबांच्या आहेत. मराठी, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची नावं त्यांत क्वचितच सापडतात. साहेबाचा दगड फुटला तरी त्यावरचा मजकूर छापील यादीत मिळू शकतो. त्याच्या शेजारच्या फिटरचा, मिशन दवाखान्यातल्या नर्सचा किंवा शाळेतल्या गुरुजींचा दगड गेला आणि चर्चचं रजिस्टरही हरवलं, तर नोंदच संपली. त्यात जागेच्या टंचाईमुळे अनेक शहरांत जुन्या कबरींची जागा पुन्हा वापरली जाते. म्हणून फोटो आधी मराठी आणि इतर भारतीय भाषांतल्या दगडांचे काढा.

ख्रिस्ती नसलेल्यांनी काय करावं?

तत्त्व तेच, कागद वेगळा. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडतात. कुणबी नोंदींच्या शोधात हीच बुकं तपासली गेली. त्र्यंबकेश्वरसारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांतही यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात.

सुरुवात कधी करायची?

२ नोव्हेंबरला कॅथलिक समाज मृतांचा स्मरणदिन पाळतो. कबरी स्वच्छ होतात, मेणबत्त्या लागतात, बाहेरगावचे नातेवाईकही येतात. कोणती कबर कोणाची, हे सांगणारी आजी त्या दिवशी तिथेच भेटते. दगडाचा फोटो काढाच, पण त्याआधी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तिला बोलू द्या. दगडावर न कोरलेली अर्धी माहिती तिच्याकडेच असते.