पाहुणे उठायच्या आधीचं देवबाग

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर चंदापूरच्या चौकातून उजवीकडे वळलं की आनेकलला जाणारा रस्ता लागतो. लग्न झाल्यापासून माझा संसार याच रस्त्यावरच्या एका वसाहतीत आहे. बोम्मसंद्र आणि जिगणीच्या कारखान्यांत, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कंपन्यांत नोकरी करणारी मराठी घरं आमच्या आसपास पुष्कळ. समुद्र इथून अख्ख्या रात्रीच्या प्रवासाइतका लांब. तरी दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर समुद्राशिवाय दुसरा विषय नसतो. कारण माझं माहेर मालवण तालुक्यातलं देवबाग. घराला लागून दादाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, आणि इकडची सगळी ओळखीची मंडळी बुकिंगसाठी आधी मलाच गाठतात.

त्यामुळे एका कानाला पाहुणे आणि दुसऱ्या कानाला दादा, अशी मी मध्ये असते. पाहुण्यांना दिसतो तो किनारा आणि दादा-वहिनींना दिसतो तो किनारा, हे दोन्ही मला ऐकू येतात. हे किस्से त्या दुसऱ्या कानाचे आहेत.

सगळ्यात जास्त फोन सुरमईचे, आणि तेही नेमके जूनमध्ये. मुलांच्या शाळा इकडे लवकर सुरू होतात, पण नोकरदारांना जूनमध्ये एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार मिळतो, पावसातलं कोकण बघायची हौस असते. जाण्याआधी फोन येतो, "ताई, सुरमई फ्राय मिळेल ना? आणि पापलेट?" मी दादाला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "गे बाय, समुद्र बंद असा. सुरमय खंयसून हाडू?"

समुद्र बंद म्हणजे मासेमारी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जाता येत नाही. हा माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेल्या दर्याचाही. होड्या माडांच्या सावलीत ओढून, झापांनी आणि ताडपत्रीने झाकून ठेवलेल्या असतात. पुरुष जाळी विणत, तुनत बसलेले असतात. त्या दिवसांत ज्या ताटात सुरमईची जाड तुकडी येते ती बहुतेक वेळा बर्फातली तरी असते किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली तरी. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. म्हणजे आपला समुद्र बंद असताना तिकडच्या होड्या बाहेर पडलेल्या असतात, आणि ती मासळी ट्रकमधून देशभर जाते. 2018 च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला, केवढा गदारोळ झाला, आणि गोवा सरकारला काही दिवस बाहेरची मासळी थांबवावी लागली. गोव्यात बसून माणसं पावसाळ्यात कुठली मासळी खातात, हे त्या वेळी सगळ्यांना एकदम कळलं.

वहिनी पावसाळ्यात पाहुण्यांना सुरमई वाढत नाही. ती सरळ सांगते. मग कर्ली खाडीतले शेवटे, काळुंदर, नशीब असेल तर तांबोशी, नाहीतर कुर्ल्यांचा रस्सा. तेही नसेल तर मे महिन्यात अंगणात वाळवून ठेवलेला खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून, सुकटाचं किसमूर, गरम पेज आणि सोलकढी. एकदा जिगणीच्या एका कारखान्यातले साहेब सहकुटुंब गेले होते. सुरमई नाही म्हटल्यावर पहिल्या रात्री सगळे नाराज होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या आईंनी वहिनीकडून किसमूर तीनदा मागून घेतलं आणि निघताना सुकटाची पिशवी बांधून घेतली. पावसाळ्यातला किनारा असाच खायचा असतो, असं माझं स्वच्छ मत आहे. किनाऱ्यावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच खाल्ला आहे.

बंदी उठते ऑगस्टमध्ये, पण आमच्याकडे खरा मोसम धरतात नारळी पौर्णिमेपासून. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी मिरवणुकीने जाऊन दर्याला नारळ अर्पण करतात, आणि मग नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात. दोन माणसं हातातले नारळ एकमेकांवर आपटतात, ज्याचा फुटला तो हरला. बायकांच्या स्पर्धेला तर बघायला जागा मिळत नाही. बंगळूरहून त्या दिवसासाठी मुद्दाम कुणी गेल्याचं मला आठवत नाही. जायला हवं.

आता रापणीबद्दल, कारण पाहुण्यांच्या फोटोंत सगळ्यात जास्त दिसते ती रापण, आणि सगळ्यात कमी समजते तीही रापणच.

भल्या पहाटे होडी जाळं घेऊन पाण्यात शिरते. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवलेला असतो. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढायला लागतात. ओढता ओढता दोन्ही टोकं एकमेकांजवळ सरकत येतात. शेवटी मधली पिशवी वाळूवर येते, तिच्यात जे असेल ते त्या दिवसाचं. या सगळ्याला दोन-तीन तास लागतात. पाहुणे येतात ते शेवटच्या पंधरा मिनिटांना, कॅमेरे घेऊन.

आमच्या वसाहतीतल्या एका मुलाने, आठवी-नववीतल्या, हट्टाने आदल्या रात्री दादाकडून कबूल करून घेतलं की मला पहाटे उठवायचं. दादाने उठवलं. अंधारात तो दोराला लागला आणि पाचच मिनिटांत तळहात लाल झाले. शेजारच्या म्हाताऱ्या रापणकराने त्याला सांगितलं, "हातान ओढू नको रे झिला. पाय घट रोव नि मागे सर." सारा जोर पायांत आणि कमरेत. दोर हातात फक्त धरायचा, आणि अंगाचा भार मागे टाकत एकेक पाऊल वाळूत रोवत जायचं. टोकाच्या माणसाने दोराची वळी घातली की त्याने पुढे येऊन पाण्याकडे पुन्हा दोर धरायचा. मुलगा शेवटपर्यंत थांबला. त्या दिवशी पिशवीत तारल्या, पेडवे, थोडे बांगडे आणि पुष्कळ जेलीफिश होती. मग वाळूवर मासळीचे ढीग पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. कुणी वही काढली नाही, कुणी आवाज चढवला नाही. शेवटी म्हाताऱ्याने मुलाला हाक मारून ओंजळभर बांगडे दिले. दोराला ज्याने हात लावला त्याला मासे मिळतात, पाहुणा असो की गाववाला. वहिनीने त्याच बांगड्यांचं तिरफळ घालून तिखलं केलं. मुलाच्या आईने मला इकडून फोन केला तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

त्या आईला मी जे सांगितलं नाही ते इथे सांगते. रापण आता रोज लागत नाही. पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या बोटी थवाच्या थवा एका वेढ्यात उचलतात, मग किनाऱ्याजवळ काय येणार? महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे ओढून घेण्यावर बंदी आणली. रात्री देवबागच्या किनाऱ्यावरून दूर क्षितिजाशी उजेडाची रांग दिसली की पाहुणे म्हणतात, किती सुंदर! दादा मात्र गप्प होतो. गोव्यात रांपणकारांनी हीच लढाई सत्तरच्या दशकात सुरू केली, नेते माथानी साल्ढाणा त्यांच्यासाठी उभे राहिले, आणि किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखावं ही मागणी कायद्यापर्यंत पोचली. आपल्याकडे ती लढाई अजून चालू आहे, आणि ज्याला रापणीचा फोटो काढावासा वाटतो त्याने रापणकराची बाजू घ्यायलाच हवी.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव असतो. होड्या लागल्या की बायका टोपल्या घेऊन धावतात. बोली इतक्या झपाट्याने चढते की नवख्याला आकडाही कळत नाही. वहिनी बोली लावण्याआधी एकच करते. कल्ला उचलून आतला लाल रंग बघते, बोटाने पाठ दाबून बघते. दाबलेली जागा लगेच वर आली तर घ्यायचा, खड्डा राहिला तर पुढे. इकडे चंदापूरच्या दुकानात अंजल आणि बंगुडे, म्हणजे आपली सुरमई आणि बांगडे, घेताना मीही तेच करते. आता दुकानदारही माझ्यासाठी बर्फाखालचे काढून दाखवतो.

स्कूबाबद्दल थोडंच. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पाहुण्याला पाठीमागून धरून खाली नेणारे कितीतरी पोरगे मच्छीमारांच्याच घरातले आहेत. ज्या खडकांवर त्यांचे वडील जाळं अडकू नये म्हणून जपत, तेच खडक आता त्यांचं पोट भरतात. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याचं खरं फळ कुणाला मिळालं असेल तर या पोरांना.

देवबाग नकाशावर बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. या पट्टीचा काठ दर पावसात थोडा थोडा जातो. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा माड आडवे झाले, घरांची कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या वेळी दादाला सगळ्यात आधी मदत विचारणारे फोन कुणाचे आले असतील? आनेकल तालुक्यातल्या त्याच्या जुन्या पाहुण्यांचे. कुणी ताडपत्रीला पैसे पाठवले, कुणी पुढल्या मोसमाचं भाडं आगाऊ भरलं. ही नाती कुठल्याही जाहिरातीत दिसत नाहीत.

आणि आता पब. बंगळूरची तरुण मंडळी फोनवर हा प्रश्न जरा दबकत विचारतात. तारकर्ली-देवबागला पब नाहीत, परमिट रूम आहेत. ज्यांना हवं ते गोव्यात उतरतात. मी त्यांना एकच सांगते, जायचंच तर फेब्रुवारी ते मे या काजूच्या मोसमात जा, आणि मोठ्या आवाजाच्या जागी न जाता गावातल्या एखाद्या साध्या तावेर्नात बसा. वहिनीचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, घरची काजूची बाग. तिथलं काम पाहिलं की पेल्यातली चव समजते. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून गळालेलाच वेचायचा, बी पिळून वेगळी करायची. मग कोळमीच्या कुंडात तुडवून किंवा दाबून रस काढायचा. शेवटी हळूहळू गळणारा गोड नीरो, तो मुलं पितात. उरलेला रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, त्यात बाहेरचं काही घालत नाहीत. भाण्यात उकळून पहिली उतरते ती हुर्राक, हलकी आणि मोसमापुरतीच. तिच्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा उतरवली की फेणी. भाटीवरचा माणूस रात्ररात्र जाळ सांभाळत बसतो. जाळ मोठा झाला की सगळा घाणा करपतो. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. हुर्राक लिंबू, मीठ आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीबरोबर घेतात. घेतली तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, ही माझी अट प्रत्येकाला लागू आहे.

आनेकलहून निघणाऱ्यांनी एवढं करा. शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. पंचगंगा एक्स्प्रेसने संध्याकाळी बंगळूरहून निघालात तर सकाळी कारवारला उतराल, पुढे कोकण रेल्वेने कुडाळ. पोचल्यावर मेन्यूकार्ड मागण्याआधी आज काय लागलं, ते विचारा. बांगडा असेल तर बांगडा, पेडवे असतील तर पेडवे. एक दिवस तरी पहाटे उठून रापणीच्या दोराला हात लावा. आणि जूनमध्ये गेलात तर सुरमई मागू नका. वहिनी देणार नाही.