मागणी आणि उत्तर यांची बारनिशी

आंबेगांव तालुक्यांतील कळंब येथें एखादा शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर आपल्या जमिनीचा सातबारा मागत आहे, असें क्षणभर समजा. २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा असा घरबसल्या मिळूं लागला. त्यास १५ रुपये पडतात. आतां पैसे वजा झाले आणि उतारा मात्र आला नाहीं, तर? शेतकरी म्हणेल, “मीं मागितला होता.” पलीकडून उत्तर येईल, “आमच्याकडे मागणी पोंचलीच नाहीं.” रक्कम किरकोळ खरी, पण उतारा उद्यांच बँकेंत द्यावयाचा असेल, तर प्रश्न किरकोळ राहत नाहीं. खरें कोणाचें, हें ठरवावयाचें कशावरून?

आपल्या कचेऱ्यांनीं याची तोड फार पूर्वींच काढून ठेवली आहे. अर्ज आला कीं बारनिशीचा कारकून त्यास अनुक्रमांक देऊन तो आवक वहींत चढवितो; उत्तर निघालें कीं तें जावक वहींत चढतें. संगणकावरील व्यवहारांतही हीच वही ठेवावी लागते. तेथें तिला ‘लॉग’ म्हणतात.

या वहींत काय असतें? मागणी कोणत्या क्षणीं आली, कोठून आली, काय मागितलें, उत्तर काय दिलें आणि तें देण्यास किती वेळ लागला. उत्तराचा निकाल तीन आंकडी संकेतानें लिहितात. २०० म्हणजे काम झालें. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तु येथें नाहीं. ५०० म्हणजे चूक आमच्याच घरांत झाली. ही वही आंतल्या प्रत्येक मेजावर निरनिराळी न ठेवतां प्रथम देवडीवर ठेवावी. आंत येणारी प्रत्येक मागणी आणि बाहेर जाणारें प्रत्येक उत्तर तेथूनच जातें. त्यामुळें आंतील एखादें मेज मध्येंच बंद पडलें, तरी मागणी आली होती एवढी साक्ष राहते.

परंतु एकट्या देवडीच्या वहीनें भागत नाहीं. पैसे घेणारें यंत्र एक, उतारा देणारें दुसरें आणि स्वाक्षरी उमटविणारें तिसरें, अशी स्थिति असते. म्हणून मागणीला प्रथमच एक क्रमांक देऊन तो प्रत्येक यंत्राच्या वहींत लिहिला पाहिजे. मग माग काढतां येतो आणि गाडी कोठें अडली तें कळतें.

वह्या ताडून पाहण्याचें महत्त्व पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें आलेल्या प्रसंगानें चांगलें ध्यानांत येतें. कार्डानें पैसे मागितले कीं ती मागणी एका मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या मूळ खातेवहीकडे जावयाची, आणि तेथून होकार आल्यावर पैसे मिळावयाचे, हा नेहमींचा क्रम. चोरट्यांनीं बनावट मध्यस्थ उभा केला. मागणी खातेवहीपर्यंत न जातांच तो परस्पर ‘मंजूर’ असें उत्तर देऊं लागला! अशा रीतीनें २८ देशांतून पैसे काढले गेले. पुढें परदेशीं परस्पर पाठविलेली रक्कम धरून बँकेस सुमारें ९४ कोटी रुपयांचा फटका बसला. जावकेंत होकार आहे, पण आवकेंत मागणीच नाहीं, ही विसंगति दोन वह्या शेजारीं ठेवल्यावांचून दिसत नाहीं. आणि ती महिनाअखेरीस नव्हे, त्या क्षणींच दिसली पाहिजे.

मात्र सर्वच कांहीं लिहून ठेवणें हें शहाणपण नव्हे. परवलीचा शब्द, कार्डावरील गुप्त आंकडे, आधार क्रमांक हीं वहींत जशींच्या तशीं उतरलीं, तर ती वहीच चोराची किल्ली होते. मे २०१८ मध्यें ट्विटर कंपनीस आपल्या ३३ कोटींहून अधिक सभासदांना परवलीचे शब्द बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. कारण ते उघड्या अक्षरांत तिच्या अंतर्गत नोंदींत लिहिले गेले होते. तेव्हां पाकिटाचा क्रमांक लिहावा, आंतलें पत्र उतरून घेऊं नये, हा नियम बरा.

वही किती दिवस ठेवावी? केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांची मुदत घातली आहे. सर्वांनीं घड्याळें एका प्रमाणवेळेशीं जुळवावीं, असेंही त्यांत सांगितलें आहे. हें योग्यच, कारण दोन वह्यांतील घड्याळें जुळलीं नाहींत, तर आधीं मागणी कीं आधीं उत्तर, याचाच वाद माजेल.

श्रोतेहो, या वहींतील आपला भाग थोडा आहे, पण तो आपल्याच हातीं आहे. व्यवहार अडला तर “पैसे गेले” एवढेंच न सांगतां दिवस, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक टिपून घ्या. कळंबच्या त्या शेतकऱ्याजवळ एवढी चिठ्ठी असली, कीं पलीकडच्या वहींतलें नेमकें पान उघडावयास लावणें त्याला कठीण जाणार नाहीं.