बाळ गप्प आहे, पण पोट भरलंय का?

बाळंतिणीला बघायला येणाऱ्या बायकांच्या पिशवीत पूर्वी झबलं-टोपरं असायचं, अळिवाचे नाहीतर डिंकाचे लाडू असायचे. हल्ली त्यात रंगीत चोखणीही असते. कोणी तिला निपल म्हणतं. बाळ रडलं की तोंडात दिली, बाळ गप्प. दहा बाय दहाची खोली, भिंतीला भिंत लागलेली, रात्रपाळी करून आलेला माणूस शेजारीच झोपलेला. अशा घरात ही शांतता किती मोलाची वाटते, हे मला माहीत आहे. त्यामुळे चोखणी देणाऱ्या आईला बोल लावायला मी हे लिहीत नाही. पण अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला पहिला महिनाभर तरी चोखणी देऊ नका, एवढं स्पष्ट सांगायचं आहे. का, ते समजून घेऊ.

दूध येतं कसं?

विहीर उपसली की झरे मोकळे होतात आणि पुन्हा पाणी भरतं. आईचं दूध तसंच आहे. बाळ जितक्या वेळा ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितकं नवं दूध तयार होतं. बाळ चोखायला लागलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते दूध बनवायला लावतं. रात्री ते जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नसतं. या बाळाला किती दूध लागणार, हे आईचं शरीर पहिल्या काही आठवड्यांतच ठरवतं.

नवजात बाळाचं पोट अगदी लहान. त्याला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. भूक लागली की ते आधी मान वळवून तोंडाने शोधतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. नेमक्या त्या वेळी रबर तोंडात गेलं, तर बाळाची चोखायची इच्छा भागते, पण पोटात थेंबही जात नाही. चोखून दमतं आणि झोपी जातं. दिवसातून तीन-चार वेळचं पाजणं असं चुकलं की दूध कमी व्हायला लागतं.

पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे. ‘हिला दूधच पुरत नाही’ असं घरात कोणीतरी म्हणतं. मग पावडरचा डबा येतो, बाटली येते. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. बाटली नीट उकळली जात नाही, जुलाब लागतात आणि बाळ दवाखान्यात पोचतं.

गृहभेटीला गेल्यावर घरातली म्हातारी कौतुकाने सांगते, ‘आमचं बाळ फार गुणी, रडतच नाही.’ मी आधी लंगोट मोजायला सांगते. दिवसभरात तीनच ओले झाले असतील आणि वजन जन्माच्या वजनाखालीच असेल, तर ते बाळ उपाशी आहे, मग ते कितीही गुणी दिसो.

आणखी एक गोष्ट. स्तन तोंडात घेताना बाळाला मोठा आ करावा लागतो, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात घ्यावा लागतो. चोखणीला तेवढी मेहनत नाही. काही बाळं मग स्तनही चोखणीसारखं टोकाला धरतात. आईला चिरा पडतात, पाजताना जीव जातो आणि पाजणं आणखी कमी होतं.

महिन्यानंतर काय?

चोखणी म्हणजे विष नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाचे दहा नियम दिले. त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये असं होतं. २०१८ साली तो नियम बदलला. आता चोखणीचा वापर आणि तिचे धोके आईला नीट समजावून सांगा, असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर झोपताना चोखणी द्यावी असं सांगते, कारण झोपेत अचानक होणारे बालमृत्यू त्याने कमी होतात. पण अंगावर पिणाऱ्या बाळाचं पाजणं आधी नीट बसू द्या, असं तीही बजावते. बाळाला पाठीवर झोपवणं आणि त्याच्याजवळ बिडी-सिगारेट न ओढणं, हे त्याच कामासाठी त्याहून महत्त्वाचं आहे. अपुऱ्या दिवसांच्या, नळीने दूध घेणाऱ्या बाळाला डॉक्टर स्वतः चोखायला देतात. ती गोष्ट वेगळी, ती त्यांच्या सल्ल्यानेच करायची.

महिन्यानंतर दूध भरपूर असेल, वजन वाढत असेल आणि तरी द्यावीशी वाटली, तर हे पाळा:

• आधी पाजा, मग चोखणी. पाजण्याऐवजी कधीच नको.
• एकसंध, न सुटणारी आणि तोंडापेक्षा मोठी चकती असलेली घ्या. चीर पडली की फेकून द्या.
• रोज धुऊन उकळा. खाली पडली तर पदराला पुसून किंवा स्वतःच्या तोंडात घालून परत देऊ नका.
• दोऱ्याने गळ्यात बांधू नका. फास बसतो.
• मध, साखर, गूळ लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जीवघेणी बाधा होऊ शकते.
• सहा महिन्यांनंतर हळूहळू सोडवा. फार काळ चोखणाऱ्या मुलांचे कान जास्त फुटतात, पुढे दातही वाकडे येतात.

पोट भरल्याची खूण

पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा लघवी झाली पाहिजे. सुरुवातीला थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत जन्माइतकं भरून यावं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. दर वेळी बाळाचं वजन करायला सांगा. बाळ ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास जोरात चालला असेल, उठवूनही उठत नसेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

पाजूनही बाळ रडतं? लंगोट बघा, ढेकर काढा. उघड्या छातीवर कातडीला कातडी लागेल असं धरा. हे काम बापही करू शकतो. पत्र्याच्या घरात उकडत असेल तर कपडे कमी करा, पण सहा महिने पाणी पाजू नका. आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं.

आई कामावर गेली की

चोखणी घरात येण्याचं खरं कारण अनेकदा आईची सक्तीची घाई असते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. १९२९ साली गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी तो कायदा झाला. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची आहे. पण चार घरची धुणीभांडी करणारीला आणि नाक्यावर उभी राहणारीला ती आजही मिळत नाही. त्यांनी काम धरायच्या आधीच हाताने दूध काढायला शिकावं. उकळलेल्या, झाकणाच्या भांड्यात काढलेलं दूध आपल्या उकाड्यातही सावलीत चार तास ठेवता येतं. घरातल्यांनी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं, बाटलीने नको.

आणि पुढच्या वेळी बाळंतिणीला बघायला जाल तेव्हा चोखणी नेऊ नका. तासभर तिची भांडी घासा, पाणी भरा, मोठं लेकरू सांभाळा. तेवढ्या वेळात ती निवांत बसून बाळाला पोटभर पाजेल.